आत्याआजी, तू नक्की काय शिकवायचीस?

परवा भावाकडे सत्यनारायण होता. शिरा, मसालेभात, अळूची भाजी असं सगळं यथासांग झालं आणि दुपारी सतरंजीवर जरा पाठ टेकावी म्हणत होते, तेवढ्यात भावाची नात शेजारी येऊन बसली. म्हणाली, "आत्याआजी, तू कॉलेजात नक्की काय शिकवायचीस गं?"

मी तोंड उघडायच्या आत चारी बाजूंनी उत्तरं आली. भाऊ म्हणाला, "नागरिकशास्त्र." वहिनी म्हणाली, "छे हो, ते मूल्यशिक्षण की काय ते." धाकटे मेहुणे पान लावता लावता म्हणाले, "मॅनेजमेंटच ना एक प्रकारचं?" पस्तीस वर्षं नोकरी केली, निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली, आणि घरात अजून ही परिस्थिती! असो. त्यांचीही चूक नाही. लोकप्रशासन आणि संघटनांमधली नीती, असं विषयाचं नाव सांगितलं की समोरचा माणूस लगेच पाऊसपाण्याच्या गोष्टी काढतो.

पण या पोरीला खरंच हवं होतं. ती राज्यसेवेची तयारी करतेय. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत सकाळी सातला जाऊन बसते ती रात्रीच परतते. केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेत २०१३ पासून नीतीचा स्वतंत्र पेपर आहे, २५० मार्कांचा. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि तो पेपर इकडेही आला. त्यामुळे पस्तीस वर्षं ज्या विषयाला कुणी विचारत नव्हतं, त्याच्या नोट्स आता पेरूगेटजवळ गठ्ठ्यांनी विकल्या जातात. आमच्या वेळी हे असतं तर मी बंगला बांधला असता!

तिने तिच्या उत्तरांची वही दाखवली. प्रश्न ठरावीक साच्यातले. तुम्ही अमुक पदावर आहात, वरिष्ठ तुम्हाला तमुक कागदावर सही करायला सांगतात, तुमच्यापुढे कोणते पर्याय आहेत, त्यांचे गुणदोष लिहा. तिचं उत्तर : मी वरिष्ठांना विनम्रपणे, नियमांचा आधार देऊन, लेखी नकार देईन. खाली क्लासच्या सरांनी दहापैकी आठ मार्क दिलेले. सुवाच्य अक्षर, मुद्देसूद मांडणी. मी वाचलं आणि उगाचच अस्वस्थ झाले. कारण कागदावर मलाही या विषयात नेहमी चांगलेच मार्क पडत आलेत.

तिला तेव्हा थोडक्यात काहीतरी सांगितलं. घरी आल्यावर वाटलं, नीट लिहूनच काढावं. भाऊ-वहिनीही वाचतील आणि निदान नागरिकशास्त्राचा गैरसमज दूर होईल.

तर, सुरुवातीपासून.

मी १९८१ साली शिकवायला लागले तेव्हा लोकप्रशासनाच्या अभ्यासक्रमात नीती जवळजवळ नव्हतीच. संघटनेची तत्त्वं, नोकरशाहीची वैशिष्ट्यं, अंदाजपत्रक, पंचायत राज. गुलिकचं 'पोस्डकॉर्ब' नावाचं एक सूत्र असतं, १९३७ सालचं. नियोजन, संघटन, नेमणुका वगैरे व्यवस्थापनाची सात कामं त्यात येतात. मुलं ते बाराखडीसारखं पाठ करायची. भ्रष्टाचार आलाच तर संथानम समितीच्या निमित्ताने. त्या समितीच्या शिफारशीवरून १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग आला, अशी दोन ओळींची टीप लिहायची आणि पुढे जायचं. म्हणजे चोर कसा पकडावा हे थोडंफार होतं. पण चोर नसलेली, चांगली, घरी पोराबाळांचा अभ्यास घेणारी माणसं ऑफिसात एकत्र बसून चुकीची गोष्ट कशी करतात, हे कुठेच नव्हतं. मला त्याचंच कुतूहल होतं. आणि ते पुस्तकातून आलेलं नव्हतं, पुराच्या पाण्यातून आलेलं होतं.

पानशेत फुटलं तेव्हा मी पाच वर्षांची होते. १२ जुलै १९६१. आम्ही नारायण पेठेत दोन खोल्यांत राहायचो. मला आठवतं ते एवढंच, की आईने मला काखेत मारलं होतं, धाकट्या भावाला (म्हणजे सध्याच्या सत्यनारायणाच्या यजमानांना!) खांद्यावर घेतलं होतं, आणि ती पळता पळता सारखी मागे वळून बघत होती. संध्याकाळी आम्ही उंचावरच्या एका शाळेत होतो. घर परत दिसलं तेव्हा त्यात भिंतीच्या वरपर्यंत चिखल होता.

मोठी झाल्यावर मी पानशेतबद्दल मिळेल ते वाचून काढलं. अंबी नदीवरचं नवं धरण. काम पुरतं झालेलं नसताना पहिल्याच पावसाळ्यात त्यात पाणी साठलं. पाणी सोडण्याच्या मोरीच्या काँक्रीटमध्ये सळई नव्हती. आदल्या दिवशी धरण खचू लागलं, रात्रभर लष्कराचे जवान वाळूची पोती रचत होते. सकाळी धरण फुटलं आणि त्या लोंढ्यापुढे खालचं खडकवासल्याचं जुनं धरणही टिकलं नाही. नदीकाठच्या पेठांना वेळेवर, नीट सांगितलं गेलं नव्हतं. सुमारे हजार माणसं गेली असं मानतात. चौकशीसाठी आयोग नेमला तो न्यायमूर्ती बावडेकरांचा. काम चालू असतानाच त्यांचं निधन झालं आणि पुढे न्यायमूर्ती नाईकांनी ते पुरं केलं.

वाचताना मला खलनायक सापडेना. हीच माझी अडचण होती! धरण लवकर व्हावं असं वाटणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पाणी हवंच होतं. इंजिनियर मंडळी काही दुष्ट नव्हती. पण घाई, टंचाई, वरच्याला वाईट बातमी न सांगण्याची सवय आणि 'बघू, होईल काहीतरी' ही आपली राष्ट्रीय वृत्ती, या सगळ्यांची बेरीज झाली की हजार माणसं जातात. त्या साखळीत कितीतरी टेबलं असतील, जिथे एखाद्याला मनातून वाटलं असेल की हे थांबवायला हवं. प्रश्न असा, की त्याने ते कागदावर लिहिलं का? आणि नसेल लिहिलं, तर का नाही?

याच पानशेतची दुसरी बाजूही मी मुलांना नेहमी सांगायचे. पूर ओसरल्यावर पुनर्वसनाची जबाबदारी स. गो. बर्वे या सनदी अधिकाऱ्याकडे दिली गेली. त्यांना पुणं माहीत होतं, ते पूर्वी इथे पालिका आयुक्त होते. अधिकारही भरपूर दिले होते. निसान हट उभे राहिले, पूरग्रस्तांच्या वसाहती वसल्या, आणि जुने पुणेकर बर्व्यांचं नाव अजून आदराने घेतात. आता गंमत बघा. सरकार तेच, नियम तेच, कारकून तेच. फरक काय? मला दिसलेला एक फरक म्हणजे, काम कुणाचं आहे आणि चुकलं तर कुणाला विचारायचं, हे त्या दिवसांत सगळ्या गावाला ठाऊक होतं.

पुरानंतरची घरातली एक गोष्ट सांगते. भावाला आठवणार नाही, तो फारच लहान होता. नुकसानीचा पंचनामा करायला एक कारकून आला. वडील यादी सांगत होते : भांडी, गाद्या, एक सायकल. कारकून चांगला माणूस होता. म्हणाला, "शिवणयंत्र लिहू का? सगळेच लिहितायत हो. कोण बघणार?" आमच्याकडे शिवणयंत्र कधीच नव्हतं. वडील म्हणाले, "नव्हतं ते कसं लिहिणार?" शेजाऱ्यांनी लिहिलं. आईला शिवणकाम उत्तम यायचं, तिला यंत्राची फार हौस होती. पुढे कितीतरी वर्षं ती हातशिलाई करताना वडिलांना ऐकवायची, "तुमच्या तत्त्वाने टाका घालता येत नाही."

मी वर्गात ही गोष्ट वडिलांच्या प्रामाणिकपणाची म्हणून सांगायचे. आईचं वाक्य हसण्यासाठी सांगायचे. तिचंही काही म्हणणं होतं, हे कळायला मला फार उशीर लागला.

आता थोडं पुस्तकी. कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद गाळा, मी रागावणार नाही.

आमच्या विषयात एक जुना वाद आहे. १९४० मध्ये कार्ल फ्रिडरिक म्हणाला, की आधुनिक प्रशासन इतकं गुंतागुंतीचं आहे की बाहेरून कितीही पहारा ठेवा, शेवटी अधिकाऱ्याच्या स्वतःच्या व्यावसायिक सदसद्विवेकावरच भिस्त ठेवावी लागते. पुढच्याच वर्षी हर्मन फायनर म्हणाला, भाबडेपणा पुरे. माणूस स्वतःचा न्यायाधीश होऊ शकत नाही, बाहेरून अंकुश हवाच. ऐंशी वर्षं उलटून गेली, वाद मिटलेला नाही. मिटणारही नाही, कारण दोघांचंही बरोबर आहे. पुण्यात तर दोन्हींचे धडे हाताशी आहेत. गोखल्यांनी १२ जून १९०५ ला इथे भारत सेवक समाज काढला, तेव्हा सदस्यांसाठी सात शपथा ठरवल्या. त्यांत स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्च करायची नाही, कुणाशी वैयक्तिक भांडण करायचं नाही, अशाही होत्या. हा फ्रिडरिकचा मार्ग, त्याच्या पस्तीस वर्षं आधीचा. आणि 'ध चा मा' हा वाक्प्रचारही पुण्याचाच. नारायणराव पेशव्यांना 'धरावे' असं लिहिलेल्या कागदावर अक्षर बदलून 'मारावे' केलं, ही दंतकथा. इतिहासकार ती जशीच्या तशी मानत नाहीत, पण १७७३ चा खून खरा आहे, आणि कागदावरचं एक अक्षर माणसाचा जीव घेऊ शकतं हे मराठी माणसाला त्या वाक्प्रचाराने कायमचं शिकवलंय. हा फायनरचा मुद्दा : कागद कुणीतरी तपासायला हवा.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. १९८६ मध्ये चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, सात जण गेले. आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनियर सांगत होते, की एवढ्या थंडीत उडवू नका, रबरी कडी दगा देतील. त्यांच्याच वरिष्ठांनी शेवटी उलटा सल्ला दिला. डायन व्हॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९६ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की तिथे कुणी नियम मोडायचा कट केला नव्हता. छोटी चूक एकदा खपली, दुसऱ्यांदा खपली, मग तीच रीत झाली. मी वर्गात म्हणायचे, हा सिग्नलचा नियम आहे. अलका चौकात पहिल्यांदा लाल दिवा तोडताना छाती धडधडते, विसाव्या वेळी दिवा दिसतच नाही. मुलं हसायची. मीही हसायचे.

आता मुद्द्यावर येते. हे मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही.

१९९८ च्या सुमाराची गोष्ट. बाहेरगावच्या एका महाविद्यालयाची तपासणी करायला आमची तीन जणांची समिती गेली. मी समितीत सगळ्यात धाकटी. गेल्या गेल्या पोहे, चहा, मग इमारत बघणं, मग ग्रंथालय. नव्या कपाटांत पुस्तकं छान रचलेली. दाखल रजिस्टरही तयार होतं. मी सवयीने एक पुस्तक काढलं आणि उघडलं. आतल्या पानावर शिक्का दुसऱ्याच महाविद्यालयाचा. दुसरं काढलं, तेच. तिसरं, तेच. तपासणीपुरती पुस्तकं उसनी आणली होती.

कपाटाशेजारी ग्रंथपालाचं काम करणारा मुलगा उभा होता. पंचवीसेक वर्षांचा असेल, हंगामी. त्याने माझ्याकडे बघितलं. मी बघितलंय हे त्याला कळलं, आणि त्याला कळलंय हे मला कळलं. मी पुस्तक मिटलं आणि जागेवर ठेवलं.

परतण्यापूर्वी अहवालावर सह्या करायच्या होत्या. ग्रंथालयापुढे 'समाधानकारक' असं आधीच लिहून झालं होतं. मी अध्यक्षांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, सज्जन गृहस्थ. म्हणाले, "दिसलं मलाही. पण मॅडम, या भागात मुलींना शिकायला दुसरं ठिकाण नाही. मान्यता गेली तर त्या घरी बसतील, वर्षभरात लग्नं होतील. पुस्तकं काय, घेतील पुढच्या वर्षी."

हा युक्तिवाद खोटा नव्हता. तेच तर अवघड होतं. नुसतं पैशाचं पाकीट पुढे केलं असतं तर मी ताडकन उठून गेले असते, याची मला खात्री आहे. पण पाकीट कुणी पुढे केलंच नाही. पुढे केल्या त्या मुली. मी सही केली. मग शाल आणि नारळ. नारळाची वडी केली असेल, शाल अजून कपाटात आहे.

दोन दिवसांनी वर्गात पानशेत होतं. मी ते नेहमीसारखंच शिकवलं. साखळीतला एखादा माणूस 'थांबा' का म्हणत नाही, असं फळ्यावर लिहिलं, पाच कारणं काढून घेतली. माझा आवाजसुद्धा कापला नाही. मुलांनी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या होत्या.

एक गोष्ट मात्र मला बऱ्याच उशिरा उमगली. ती पुस्तकं त्याच संध्याकाळी टेम्पोतून परत गेली असणार. म्हणजे ज्या मुलींसाठी म्हणून मी सही केली, त्यांच्याच हातून ती गेली. त्या घरी बसल्या नाहीत हे खरं, पण रिकाम्या कपाटांपुढे बसल्या. मी एका ओळीत 'ग्रंथालयात पुस्तकं नाहीत, सहा महिन्यांत घ्यावीत' असं लिहिलं असतं तर मान्यताही राहिली असती, पुस्तकंही आली असती कदाचित. मान्यता काढणं किंवा डोळे झाकणं, या दोन्हींच्या मध्ये एक लेखी ओळ असते, हे मी मुलांना शिकवत होते. आयत्या वेळी मला स्वतःला ती सुचली नाही.

२०११ मध्ये एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. महसूल खात्यात लागला होता. एका जमिनीच्या फाइलीवर त्याने टिपणी लिहिली, की स्थळपाहणीत इथे नाला आढळला. नकाशात नाला नव्हता. वरून निरोप आला, टिपणी बदलून द्या. याने दिली नाही. आठव्या महिन्यात त्याची बदली झाली. आपल्याकडे २००५ चा बदल्यांचा कायदा आहे. त्याप्रमाणे साधारण तीन वर्षं एका जागी ठेवायचं, आणि त्याआधी हलवायचं तर कारणं लेखी द्यायची. त्याच्या आदेशात कारण लेखी होतं : प्रशासकीय निकड. बायकोची नोकरी जुन्या गावात, मुलीची शाळाही तिथेच, आणि हा एकटा लांब खोली घेऊन राहिलेला.

रागावलेला नव्हता. म्हणाला, "मॅडम, तुम्ही पानशेत शिकवलंत तेव्हा बदलीचं काही सांगितलं नव्हतं." मी गप्प. मग म्हणाला, "एक विचारू? माझ्या जागी तुम्ही असता तर लिहिलं असतंत?"

आता मात्र मला खोटं बोलवेना. मी त्याला शिक्क्यांची गोष्ट सांगितली. सगळी. फोनवर पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, ठेवला याने फोन. मग तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. मला वाटत होतं, लिहिताना माझेच हात थरथरले."

त्या फोननंतर मी दोन गोष्टी केल्या.

एक म्हणजे वर्गातला प्रश्न बदलला. 'तुम्ही त्या जागी असता तर काय केलं असतं?' हे विचारणं सोडून दिलं. त्याला उत्तर एकच येतं, आणि ते खोटं असतं असं नाही, पण त्याला काही किंमत पडलेली नसते. त्याऐवजी विचारायला लागले : या ऑफिसात साध्या माणसाला 'थांबा' असं लिहिता यावं म्हणून काय काय लागेल? मग मुलं खरोखर डोकं चालवायची. शेजारच्या टेबलावरच्याने पुष्टी द्यावी लागेल. आदेश तोंडी आला तर लेखी मागायची रीत लागेल. बदलीचं कारण कुणीतरी तपासावं लागेल. बायकोला विश्वासात घ्यावं लागेल (हे एका मुलीने सांगितलं, आणि मला आईचा हातशिलाईचा टाका आठवला!). आमच्या विषयाला राजीनाम्यांची फार हौस आहे. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं, १९९३ मध्ये माधव गोडबोल्यांनी गृहसचिवपदावरून मुदतीआधी निवृत्ती घेतली. राघोबादादांना खुनाबद्दल दोषी ठरवणारे रामशास्त्री तर आपले दैवतच. या माणसांबद्दल मला आदर आहेच. पण ज्या संस्थेत साधं खरं लिहायला रोज रामशास्त्री लागतो, ती संस्था काही चांगली संस्था नव्हे. माझ्या आयुष्यभराच्या विषयाचं सार मला विचाराल तर एवढंच आहे. शूर माणसं शोधत बसण्यापेक्षा, भित्र्या माणसालाही खरं लिहिता येईल अशी जागा करा. भित्र्या माणसाचं मी अनुभवावरून सांगतेय.

दुसरं म्हणजे, पुन्हा एका तपासणीला गेले तेव्हा वेगळं मत लिहिलं. तीन ओळी, खाली सही, तारीख. लिहिताना घसा कोरडा पडला होता. परिणाम काय झाला? मला पुढे समित्यांवर बोलावणं आलं नाही. बस्स. कुणी ओरडलं नाही, पगार थांबला नाही. एवढ्याशा किमतीला मी तेरा वर्षं घाबरत होते! त्या विद्यार्थ्याने मोजलेल्या किमतीपुढे तर ती काहीच नव्हती. सगळ्यांना एकच मोजपट्टी लावू नये, हेही मी त्याच दिवशी शिकले.

आणि त्या नाल्याचं काय झालं? दोनेक वर्षांनी गावातल्या कुणीतरी माहिती अधिकारात ती फाइल मागितली. टिपणी जागेवर होती, तारखेसकट. त्यावरून आरडाओरडा झाला, परवानगी अडकली. इथे एक आठवण करून देते. माहिती अधिकाराचा केंद्रीय कायदा १२ ऑक्टोबर २००५ ला लागू झाला आणि पुढच्याच वर्षी फाइलीवरच्या टिपण्या लोकांना दाखवायच्या नाहीत अशी दुरुस्ती करायचं घाटत होतं. ऑगस्ट २००६ मध्ये अण्णा हजारे त्याविरुद्ध आळंदीला उपोषणाला बसले आणि ती दुरुस्ती बारगळली. टिपणी म्हणजे काय एवढं, असं तेव्हा कितीतरी सुशिक्षित लोकांनी मला विचारलं होतं. टिपणी म्हणजे साखळीतल्या त्या माणसाचा आवाज. तो लपवता आला असता तर माझ्या विद्यार्थ्याचा नाला कागदावर कुणालाच दिसला नसता. त्याची बदली रद्द झाली नाही, बक्षीसही मिळालं नाही. पण नाला आहे. पावसाळ्यात त्यातून पाणी वाहतं, असं त्याने मला मुद्दाम कळवलं होतं.

तर हे मी शिकवत होते.

सत्यनारायणाच्या दुपारी यातलं निम्मं मी नातीला सांगितलं. शिक्क्यांचंही सांगितलं. ती ऐकताना पेनाचं टोपण काढत-घालत होती. शेवटी म्हणाली, "मग मी परीक्षेत काय लिहू? हे लिहिलं तर मार्क कापतील."

मी म्हटलं, "परीक्षेत तू लिहितेस तेच लिही, चांगलं लिहितेस. फक्त पहिल्या नेमणुकीवर गेलीस की पहिल्याच आठवड्यात एखाद्या साध्या, बिनमहत्त्वाच्या कागदावर आपलं खरं मत लिहून बघ. हात थरथरतोय का बघ. आणि शेजारच्या टेबलावर कोण आहे त्याच्याशी ओळख करून घे."

तिने हे वहीत लिहून घेतलं नाही. मान हलवली आणि जरा वेळाने विचारलं, "पण आत्याआजी, पणजीला शिवणयंत्र मिळालं का शेवटी?"

मिळालं. १९६८ मध्ये, हप्त्यांवर. पहिला परकर आईने माझ्यासाठी शिवला आणि वडिलांना म्हणाली, "बघा, हे मशीन पंचनाम्यात लिहिता येईल आता."